दार उगवतीला

उंबरदऱ्यात नाटकातली पात्रं चेहरा बघून ठरत नाहीत आणि आवाज ऐकूनही ठरत नाहीत. दसरा झाला की उज्ज्वला आधी ऊसतोडीच्या मुकादमाच्या ओट्यावर जाऊन बसते. कोणतं जोडपं कुठल्या कारखान्यावर ऊस तोडायला जाणार, हे त्याच्याकडून काढून घेते आणि मग तिच्या डोक्यात नाटक उभं राहायला लागतं. नवरा-बायकोचा प्रवेश असेल तर दोघं एकाच टोळीत हवीत. सासू माजलगावला आणि सून सांगलीकडे गेली, तर भांडण बसवायचं कुणी? एका वर्षी मुकादमाने ऐनवेळी दोन माणसं इकडची तिकडे केली, तेव्हा तिने नाटकातला प्रधानच काढून टाकला.

"प्रधान गेला कृष्णाकाठाला अन् राजा ऱ्हायला हितं," ती मला सांगत होती. "मंग राजाला म्हणलं, औंदा तुजं तूच ठरव."

धारूरच्या डोंगरातलं आमचं हे गाव दिवाळीनंतर अर्धं रिकामं होतं आणि गुढीपाडव्याच्या आसपास पुन्हा भरतं. जत्रा हनुमान जयंतीला. त्यामुळे सगळी पात्रं एका जागी आल्यावर हाताशी जेमतेम काही दिवस उरतात. बाकी सगळी तालीम उसाच्या फडात. तोड झाली, मोळ्या बांधून झाल्या आणि भराईची गाडी अजून आलेली नसली, की वाळलेल्या पानांचं पाचट बाजूला सारून जागा करायची, दोन ऊस उभे रोवून दार करायचं आणि गाडीचा हॉर्न वाजेपर्यंत होईल तेवढं नाटक करायचं. गाडीला उशीर झाला की इतर टोळ्या शिव्या देतात. उज्ज्वलाची टोळी गाडी वेळेवर आली तर कुरकुरते.

उज्ज्वलाचं माहेर धर्मापुरीच्या बाजूचं. तिचे वडील आश्रुबा तिथल्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्यांच्याशिवाय पडदा उघडत नसे. पुढे त्यांचे डोळे अधू झाले, तेव्हा ते शाळकरी उज्ज्वलाला शेजारी बसवू लागले. ती त्यांच्या कानात वाचायची, ते नटाला सांगायचे. असं थोडे दिवस चाललं आणि मग त्यांनी मधला माणूस काढून टाकला, म्हणजे स्वतःला.

त्यामुळे उज्ज्वलाने लहानपणी एकही नाटक समोरून पाहिलं नाही. सगळी बाजूने पाहिली. मी एकदा तिला म्हटलं, अगं, मग नाटकाची खरी मजा तुला कळलीच नाही. ती हसली.

"वैनी, समोरून बघनाराला गोष्ट दिसती. बाजूनं बघनाराला मान्सं दिसत्यात. कोन कुटून आलं, कोन कुटं अडकलं, कुनाचा पाय कापतोय. मला तेच बरं वाटतं."

लग्न होऊन ती मुंजाजीच्या घरी इथे आली, तेव्हा गावच्या नाटकात बायकांची कामं करायला बाहेरून बाया आणत. नाटक रात्री उशिरा सुरू व्हायचं आणि गावातल्या बायका लांब भिंतीवर, माळवदावर बसून बघायच्या. तिच्या पहिल्याच जत्रेत नायक भर प्रवेशात वाक्य विसरला. प्रॉम्प्टर पिऊन झोपला होता. नायक तलवार वर धरून तसाच उभा. तेवढ्यात मागच्या भिंतीवरून, डोक्यावरचा पदर न ढळू देता, नव्या नवरीने ते वाक्य खणखणीत आवाजात म्हणून टाकलं. हे नाटक माहेरी झालेलं होतं आणि तिला ते अख्खं पाठ होतं. गाव हसून हसून लोळलं. सासूने आठ दिवस अबोला धरला. पुढच्या वर्षी मात्र मंडळींनी संहिता आणून तिच्याच हातात दिली आणि त्यानंतर हळूहळू सगळं नाटकच तिच्याकडे आलं. तिने पहिलं काम केलं ते वेळ बदलायचं. दिवेलागणीला नाटक सुरू करायचं आणि जेवणाच्या आत संपवायचं. बायकांना आणि लेकरांना बघता आलं पाहिजे, ही तिची अट.

ती माझ्याकडे आली ती गेल्या दसऱ्यानंतर. मी अंबाजोगाईला बी.ए. केलं आणि या गावात सून म्हणून आले. आमच्या मुलीचे, आरोहीचे पप्पा शाळेत शिक्षक आहेत. आम्ही ऊस तोडायला जात नाही, म्हणून तिच्या नाटकाशी आमचा संबंध टाळ्या वाजवण्यापुरताच होता.

"वैनी, पोरगी द्या," ती दारातूनच म्हणाली.

"कशाला?"

"नाटकाला. लग्नाला न्हाई मागत."

आरोही धारूरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मी लगेच कारणं सांगायला लागले. परीक्षा. येण्याजाण्याची बस. तिचा घसा, जरा मोठ्याने बोललं की बसतो. आणि लोक. गावातली मुलगी अजून नाटकाच्या कट्ट्यावर उभी राहिलेली नव्हती. उज्ज्वला स्वतः आणि टोळ्यांतल्या बायका काम करायच्या, पण त्या लग्न झालेल्या, आपापल्या नवऱ्यासोबत.

"कावून भ्येता? मी हाय ना तितं."

"तू कुठे असणार? माजलगावला. माझी मुलगी इथे एकटी कुणासमोर तालीम करणार?"

"तुमच्यासमोर," ती म्हणाली. "तुमी बाकीच्यांची कामं वाचायची. शिकलेल्या हाव की."

आत आरोही कपडे घडी करायचं सोडून उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की हे दोघींचं आधीच ठरलं आहे.

नाटकाचं नाव 'एकच उंबरा'. दोन भाऊ घराची वाटणी करायला निघतात. शेत, भांडी, जनावरं सगळं वाटून होतं आणि घराच्या एकुलत्या एका दारावर अडतं. थोरला म्हणतो माझं, धाकटा म्हणतो माझं. मध्ये अडकते ती त्यांची बिनलग्नाची बहीण, म्हणजे आरोही. गोष्ट उज्ज्वलाची. तिने ती मला सांगितली आणि मी लिहून दिली.

या गोष्टीत तिची हुशारी होती ती पात्रं बसवण्यात. थोरल्याचं सगळं कुटुंब तिच्या स्वतःच्या टोळीत, माजलगावच्या बाजूला. थोरला म्हणजे तिचाच नवरा मुंजाजी. धाकट्याचं सगळं कुटुंब कृष्णाकाठच्या टोळीत. धाकटा म्हणजे उत्तरेश्वर, गावातला सगळ्यात दांडगा आवाज. दोन्ही घरं आपापल्या फडात तालीम करणार. भावाभावांची भांडणं फोनवर. थोरला माजलगावच्या उसातून ओरडायचा, धाकटा कृष्णेच्या काठावरून. रेंज गेली की भांडण तिथेच थांबायचं आणि आली की शिवीपासून पुन्हा सुरू व्हायचं. आमच्या अंगणात आरोही फोन तुळशीवृंदावनावर ठेवून दोघांच्या मध्ये रडायची आणि मी बाकी सगळ्यांचं वाचायचे. थंडीत तिला रोज हळद-दूध देत होते, तरी संक्रांतीला घसा बसलाच.

उज्ज्वलाला हे नाटक रंगवणं भागच होतं. आदल्या वर्षी तिचं नाटक फसलं होतं. कारखान्याचा हंगाम लांबला, दोन पात्रं जत्रेला पोचलीच नाहीत आणि त्यांची कामं दुसऱ्यांनी कागद बघून वाचली. लोक मध्येच उठले. जत्रा कमिटीचे अध्यक्ष शिवशंकरराव पुढच्या रांगेतल्या खुर्चीत झोपले होते. गावातली बागायत त्यांची, राजकारण त्यांचं आणि जत्रेतला शेवटचा शब्दही त्यांचाच. तरुण पोरं त्यांच्यामागे लागली होती की नाटक बंद करा, ऑर्केस्ट्रा आणा. ते म्हणाले, एक वर्ष अजून बघू. म्हणजे या जत्रेला नाटक पडलं, तर उंबरदऱ्यात पुन्हा नाटक होणार नव्हतं.

पाडवा झाला आणि दोन्ही टोळ्या परतल्या. पहिली एकत्र तालीम ठरली, आणि शिवशंकरराव दोन माणसं बरोबर घेऊन मुद्दाम बघायला आले.

इथे आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी. मारुतीचं देऊळ मैदानाच्या उत्तरेला आहे आणि देवाचं तोंड दक्षिणेला. त्याच्या समोर, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नाटकाचा सिमेंटचा कट्टा. नाटक पहिल्यांदा देव बघतो आणि मग गाव, म्हणून नटांनी तोंड देवाकडे करायचं. हे कुणाला सांगावं लागत नाही. शिवाय आमच्याकडे डावं-उजवं फारसं कुणी म्हणत नाही. बाजेवर बसलेल्यालाही 'जरा उगवतीला सरक' असंच म्हणतात. त्यामुळे उज्ज्वलाने दोन्ही टोळ्यांना एकच सांगितलं होतं: घराचं दार उगवतीला, पाण्याचा रांजण मावळतीला. बास.

तालीम सुरू झाली. थोरल्या घराचा पहिला प्रवेश छान झाला. मग धाकट्याचं घर आलं. उत्तरेश्वर भावाशी कडाडून भांडला, "ह्या घरात पुन्ना पानी पेनार न्हाई!" म्हणाला, रागारागाने घर सोडून निघाला आणि थेट रांजणावर जाऊन आदळला. त्याची बायको पाणी आणायला वळली ती दारातून बाहेर गेली. लेकरं आधीच खदखदत होती. आरोही भावाला अडवायला धावली ती मोकळ्या जागेला मिठी मारून उभी राहिली.

"उत्तरेश्वर, उगवतीला! दार उगवतीला हाय!" उज्ज्वला ओरडली.

"ठाव हाय की मला!" तो म्हणाला. त्याने एकदा मावळत्या सूर्याकडे पाहिलं, गर्रकन वळला आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला लागला. आता पाऊल न चुकता दाराकडे गेलं, बायको बरोबर रांजणाकडे गेली, सगळं अगदी चोख. फक्त धाकट्याचं अख्खं घर देवाकडे आणि शिवशंकररावांकडे पाठ करून, कट्ट्याच्या मागच्या भिंतीला नाटक दाखवत होतं.

"आरं बे, मारुतीकडं पाठ कावून करतोस?" मुंजाजी खेकसला.

"आमचा मारुती तिकडंच व्हता!" उत्तरेश्वर भिंतीकडे हात करून म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. कुठेही कोप्या पडल्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या उभ्या राहिल्या, की आमची माणसं एक दगड शोधतात, शेंदूर लावतात आणि मारुती मांडतात. उज्ज्वलाच्या टोळीने तो गावासारखाच उत्तरेला मांडला होता. कृष्णाकाठी कोप्यांच्या उत्तरेला घाण पाण्याचा नाला होता, म्हणून तिथल्यांनी देव दक्षिणेला, बाभळीखाली मांडला. नट देवाकडे तोंड करून उभे राहिले, दार सांगितलं तसं उगवतीला ठेवलं आणि सगळा हंगाम तसंच नाटक केलं. थोरल्या घराच्या अंगात दार उजव्या हाताला भिनलं, धाकट्या घराच्या अंगात डाव्या हाताला. दोघांनीही सांगितल्याबाहेर काही केलं नव्हतं.

शिवशंकरराव उठले. "उज्ज्वलाबाई, तुमच्या मान्सांना घरात राहून दार सापडंना. आता औंदा लोकांना सांगितलंय, तर होऊ द्या. पुढल्या जत्रेला आर्केस्ट्रा. मी त्यांना शब्द देऊन टाकतो."

"द्या की," उज्ज्वला म्हणाली. "पन जत्रा झाल्यावर द्या."

"आता काय ऱ्हायलंय त्यात?"

"नाटक ऱ्हायलंय, मालक."

ते गेले. पोरांनी त्यांच्यामागे शिट्ट्या मारल्या. लोक माझ्या मुलीला हसले होते आणि अजून अख्खा गाव हसायचा बाकी होता. मी उज्ज्वलाला म्हटलं, अजून थोडे दिवस आहेत, धाकट्याच्या घराला सकाळ-संध्याकाळ उलटं शिकवू.

"वैनी, हंगामभर उसात उभं राहून अंगात गेलंय ते. आता उलटं शिकवलं तर सरळ बी जाईल अन् उलटं बी."

"मग करणार काय?"

ती कट्ट्यावरून उतरली, मैदानाच्या उगवतीच्या कडेला गेली आणि तिथे मातीत फतकल मारून बसली. एका हाताला देऊळ, दुसऱ्या हाताला कट्टा, समोर मोकळं मैदान. बाजूने बघत बसली. मग तिथूनच तिने हाक मारली, "उत्तरेश्वर, मुंजाजी, खाली या रं. मैदानात."

दोघं उतरले.

"मदी उभे ऱ्हावा. आपापल्या मारुतीकडं तोंड करून. हां. आता भांडा."

मुंजाजी देवळाकडे तोंड करून उभा राहिला, उत्तरेश्वर कट्ट्याकडे. दोघं भांडले. उत्तरेश्वर डावीकडे निघाला, मुंजाजी उजवीकडे, आणि दोघं नाक घासेल इतक्या जवळ एकाच दारात येऊन थांबले. तीच तर सगळ्या नाटकाची गोष्ट होती.

उज्ज्वला उठली, लुगड्याची माती झटकली आणि म्हणाली, "कट्ट्यावर नाटक न्हाई करायचं. नाटक खाली, मदी. लोकं दोन्हीकडून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानात पांढऱ्या फक्कीने घराच्या रेघा मारत होती. गुरव धोंडीराम देवळाच्या पायरीवर काठी टेकवून उभे होते. मारुतीची पूजा त्यांच्याकडे.

"धाकट्याच्या घराची पाठ देवाला येती, उज्ज्वले. हे चालनार न्हाई."

"त्यांचा देव कट्ट्यावर मांडते मंग. उत्तरेश्वरानं आनलाय की संगं."

खरंच आणला होता. परक्याच्या बांधावर देव टाकून कसं यायचं, म्हणून तो शेंदराचा दगड भांड्यांच्या पोत्यात घालून गावी आला होता.

"मारुतीसमोर मारुती? आसं कुटं आसतं का?"

"जागा का कमी हाय बाबा? एक तिकडून बघंल, एक हिकडून."

धोंडीराम काठीने माती उकरत राहिले. त्यांना न चालणारं काही असतं तेव्हा ते सरळ निघून जातात, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी म्हणाले, "नैवेद्य मंग दोन्हीकडं दाखवावा लागंल. आन कट्ट्यावर कोन बसनार देवाजवळ?"

"बाया," उज्ज्वला म्हणाली.

"कट्ट्यावर? बाया?"

"मंग काय, दर साली भिंतीवरच बसवता व्हय?"

आरोहीचा प्रश्न वेगळा होता. ती ना या टोळीतली, ना त्या टोळीतली. "उज्ज्वलाकाकू, मी कुणीकडे तोंड करायचं?"

"ज्याच्याशी बोलतीस त्याच्याकडं. दुसरीकडच्यांना पाठ दिसू दे तुजी. पाठीला बी बोलता येतं. शिक."

आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "वैनी, तुमी समद्यांची कामं वाचलीत. प्रॉम्टिंग तुमीच करायचं. दाराच्या आडाला, उगवतीला बसा." मी नाही म्हणायच्या आत ती पुढे निघूनही गेली होती.

जत्रेच्या दिवशी पालखी देवळात परतली, नारळ फुटले आणि दिवेलागणीला माणसं मैदानात आली. पुरुष नेहमीप्रमाणे देवळाकडच्या बाजूला, पुढच्या रांगेत खुर्च्यांवर शिवशंकरराव आणि कमिटी. कट्ट्यावर सतरंज्या पसरल्या होत्या. बायका आधी खालीच घुटमळल्या. मग शिवशंकररावांच्या पत्नी सावित्रीबाई पदर खोचून पायऱ्या चढल्या आणि कट्ट्याच्या अगदी पुढच्या कडेला मांडी घालून बसल्या. मग काय, कट्टा बघता बघता भरला.

मी दोन ऊस आणि खाली लाकडी उंबरा मांडून केलेल्या दाराच्या आड, गोणपाटाच्या पडद्यामागे. मांडीवर कागद. समोर आरोहीची पाठ. तिने पाणी प्यायलं होतं का, हे मला आठवेना.

थोरल्या घराचे प्रवेश देवळाकडे तोंड करून झाले आणि पुरुषांना मुंजाजीचं म्हणणं पटत गेलं. "बराबर हाय त्याचं," असं दोन-चारदा ऐकूही आलं. मग धाकट्याचं घर आलं. उत्तरेश्वरच्या बायकोचं मोठं बोलणं कट्ट्याकडे तोंड करून होतं. वाटणीत तिच्या वाट्याला सासूची जुनी पितळी घागर येते आणि ती हसत हसत ती नको म्हणते. पुरुषांना तिचे शब्द ऐकू येत होते, पण चेहरा दिसत नव्हता. कट्ट्यावर मात्र आधी हशा पिकला, मग एकदम सगळं गप्प झालं, आणि मग कुणीतरी "आगं बया..." म्हणून पदर डोळ्याला लावला.

शिवशंकरराव खुर्चीत एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर झाले. "काय झालं तिला? रडती का हसती?" त्यांनी शेजारच्याला विचारलं. त्याला काय माहीत. ते मान लांब करून बघायला लागले. मग उठले आणि अंधारातून मैदानाला वळसा घालून आमच्या बाजूने कट्ट्याकडे निघाले. उजेडाने डोळे दिपले असावेत, कारण ते सरळ आमच्या दारातच शिरत होते. दाराआड एन्ट्रीसाठी तयार उभ्या असलेल्या मुंजाजीने त्यांचा दंड धरला.

"मालक, हितून माजी एन्ट्री हाय. तुमची न्हाई."

ते माझ्या डोक्यावरून हळूच वाकून बाजूने गेले आणि कट्ट्याखाली उभे राहिले. वरून सावित्रीबाईंचा आवाज आला, "आता आलाव व्हय? निम्मं झालं की."

शेवटच्या प्रवेशात दोन्ही भाऊ दारावर हक्क सांगत एकमेकांच्या अंगावर येतात आणि बहीण उंबऱ्यावर बसते. ना देवळाकडे तोंड, ना कट्ट्याकडे. आरोही बसली. तिने आता बोलायचं होतं. ती बोलेना. दोन्हीकडची माणसं थांबली. घसा बसला असणार, किंवा विसरली असणार. मी कागदावर बोट ठेवून पुढे वाकले आणि पहिला शब्द उच्चारणार, तोच उज्ज्वलाने मागून माझ्या तोंडावर हात ठेवला.

"गप ऱ्हावा. इसरली न्हाई ती."

आरोहीने आधी थोरल्याकडे मान वळवली, मग धाकट्याकडे. मग उंबऱ्याच्या लाकडावरून हात फिरवला.

"करा वाटा," ती म्हणाली. आवाज थोडा बसलेला होता आणि त्यामुळेच सगळं मैदान कान देऊन ऐकत होतं. "पण ह्याला करवत लावणारा हात कुणाचा, तेवढं मला बघू द्या. मी हितून उठत न्हाई."

नाटक इथे संपतं. ते कुणाला कळलंच नाही, कारण पुरुषांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "थोरल्याचं दार हाय! त्यानं बांधलंय घर!"

कट्ट्यावरून लगेच उत्तर आलं, "तुमाला काय दिसतंय तिकडून? धाकट्याच्या बायकूचं त्वांड बघितलं का तुमी?"

"त्वांड बघून दार देत्यात का?"

"मंग काय मिशा बघून देत्यात?"

दोन्ही बाजू उठून उभ्या राहिल्या. शेवटी उज्ज्वला मैदानाच्या मध्ये आली आणि हात वर करून ओरडली, "भांडान आमचं हाय! तुमी खाली बसा!" तेव्हा कुठे टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. मी पडद्यामागून बाहेर आले तर आरोही अजून उंबऱ्यावरच बसली होती. तिने माझ्याकडे बघून आधी पाणी मागितलं.

रीतीप्रमाणे शिवशंकरराव शाल-नारळ द्यायला माइकपाशी आले. सगळ्या पात्रांना नारळ दिला. उज्ज्वलाला शाल दिली. मग घसा खाकरून म्हणाले, "आर्केस्ट्राचं मी बोललो व्हतो. पोरांची इच्छा हाय, ती बी बघावी लागंल..."

"आर्केस्ट्रा बसवनार कुटं?" कट्ट्याच्या कडेवरून सावित्रीबाई म्हणाल्या.

"कुटं म्हंजी? कट्ट्यावर."

"आन आमी कुटं बसायचं?"

कट्ट्यावरची एकही बाई उठली नव्हती. लेकरं मांडीवर झोपली होती, सतरंजीवर शेंगांची टरफलं पडली होती, आणि सगळ्या जणी खाली शिवशंकररावांकडे बघत होत्या. त्यांनी एकदा कट्ट्याकडे पाहिलं, एकदा देवळाकडे. पोरांकडे पाहिलं, तर त्यातली दोघं-तिघं अजून दारावरून हमरीतुमरीवर आलेली.

"जागाच न्हाई म्हनल्यावर काय करता," ते माइकमध्ये म्हणाले. "ऱ्हाऊ द्या आर्केस्ट्रा. पुढल्या जत्रेला बी नाटकच."

उज्ज्वलाने शाल खांद्यावरून काढून घडी घातली आणि काखेत धरली. "मंग मालक, लायटीचं मनावर घ्या," ती म्हणाली. "कट्ट्याकडची एक लाइट औंदा पेटलीच न्हाई. त्या बाजूचं निम्मं रडनं अंदारात गेलं."